उद्या पुन्हा बघू

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या घरात वहिनीशी कुणी धड बोलत नव्हतं.

भांडण झालं असतं तर एक वेळ परवडलं असतं. भांडणात चार शब्द वर जातात, चार खाली येतात, माणसं दमतात आणि गप्प होतात. इथे कुणी आवाजच चढवला नव्हता. वहिनीने चहा पुढे केला की आई "ठेव तिथे" एवढंच म्हणायची. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, कामावरून आला की बूट काढून सरळ आतल्या खोलीत जाऊन पडायचा. ताईचं सासर चार तासांच्या अंतरावर. ती रोज दुपारी आईला फोन करायची, आणि वहिनी खोलीत आली की आईचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. आपल्याला बघून जे बोलणं थांबतं ते आपल्याबद्दलच असतं, हे समजायला वेगळी विद्या लागत नाही.

रविवारी दुपारी सगळ्यांनी जमायचं हे ताईनेच ठरवलं. आई यापुढे कुठे राहणार याचा निकाल लावायचा होता. धाकटीलाही निरोप आला. ती त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. वहिनीला जे भोगावं लागत होतं ते खरं तर कुणी भोगायला हवं होतं, हे दोघींनाच ठाऊक होतं. एक वहिनी, आणि दुसरी ती स्वतः.

या घराने तीन पिढ्या वजनावरच पोट भरलं होतं. आजोबा तराजू दुरुस्त करायचे. बाबा वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. ते बाजारात शिरले की अर्धे दुकानदार एकदम नम्र व्हायचे आणि उरलेले अर्धे एकदम आजारी पडायचे. धाकटी जन्मली तेव्हा ताई अकरा वर्षांची होती आणि घरात आणखी मूल कुणी मागितलं नव्हतं. पावणेदोन किलोचा तो जीव हातात घेऊन आजोबा म्हणाले होते, "हे वजन नव्हे, हा पासंग आहे." तराजूची दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून हलक्या बाजूला जो चिमूटभर तुकडा बांधतात तो पासंग. बाबांनी ते नाव उचललं. धाकटी तेहतीस वर्षांची झाली, चष्मा लागला, हाताखाली चार माणसं आली, तरी बाबांच्या तोंडी ती पासंगच राहिली.

ती एका लहानशा कंपनीत होती. हृदय कमजोर झालेल्या माणसांनी घरच्या घरी स्वतःची तब्येत सांभाळावी म्हणून ती कंपनी एक ॲप बनवत होती. धाकटीचं काम त्या ॲपचा चेहरा ठरवण्याचं. माणसाने कुठे बोट लावायचं, त्याला कुठला रंग दिसायचा, त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं, हे सगळं तिच्याकडे. गोष्ट साधी होती. हृदयाचं पंपिंग कमी झालं की अंगात पाणी साठायला लागतं. ते आधी वजनात दिसतं, मग पायांवर दिसतं, आणि छातीत दिसतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी उठल्याबरोबर काट्यावर उभं राहायचं आणि आकडा ॲपमध्ये टाकायचा. पुढचं ॲप सांगणार.

दोन वर्षांपूर्वी बाबांनाच झटका आला, आणि डॉक्टरांनी पंपिंग तीस टक्के आहे असं सांगितलं, तेव्हा धाकटीने स्वतः त्यांच्या फोनवर ते ॲप घालून दिलं. बाबांनी आधी घरातल्या काट्याची परीक्षा घेतली. कपाटातून शिक्का मारलेलं पाच किलोचं लोखंडी वजन काढलं, काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. काटा पास झाला. मग म्हणाले, "माप खोटं बोलत नाही. बोलतो तो माणूस." त्या दिवसापासून एकही सकाळ चुकली नाही.

आता ॲप काय सांगायचं त्याविषयी.

पहिल्यांदा ते रोजचा आकडा त्या माणसाच्या मूळ वजनाशी ताडून बघायचं. दोन किलो वर गेलं की पडदा लालभडक, आणि खाली एकच ओळ, 'आजच डॉक्टरांना दाखवा.' यात चूक काहीच नव्हती. फक्त माणसं पळून जात होती. लाल पडदा बघणाऱ्या दर तिघांतला एक जण आठवड्याभरात ॲप उघडायचंच सोडून द्यायचा. धाकटी घरोघरी जाऊन अशा माणसांना भेटली. एका बाईने काटा पलंगाखाली ढकलून दिला होता. एक निवृत्त बसचालक तिला म्हणाला, "बाई, सकाळी उठून आधी मरणाचं तोंड बघायचं का? त्यापेक्षा मला न कळलेलं बरं."

ती परत आली ती ठरवूनच. माणूस ॲप उघडणारच नसेल तर त्यातलं शहाणपण काय जाळायचंय? तिने हिशेब बदलायला लावला. मूळ वजनाशी नाही, तीन दिवसांपूर्वीच्या वजनाशी तुलना करायची. तीन दिवसांत दोन किलो वाढले तरच लाल. त्याच्या आत असेल तर मऊ नारिंगी रंग, आणि तीन छोटी वाक्यं. ती तिने स्वतः लिहिली होती, 'वजन थोडं वाढलंय. मीठ आणि पाणी जपा. उद्या पुन्हा बघू.'

कंपनीचे डॉक्टर शेवटच्या वाक्यावर अडले होते. निदान 'बघा' तरी लिहा म्हणत होते. धाकटीने ऐकलं नाही. 'बघा' म्हटलं की हुकूम होतो, 'बघू' म्हटलं की सोबत कुणीतरी आहे असं वाटतं, असं ती म्हणाली. आणि ती बरोबर निघाली. सोडून जाणारी माणसं तिघांत एकावरून दहांत एकावर आली. ऑफिसात टाळ्या वाजल्या.

बाबांचं वजन नऊ दिवस रोज थोडं थोडं वाढत गेलं. चौसष्ट पूर्णांक दोनपासून अडुसष्ट पूर्णांक चारपर्यंत. तीन दिवसांत दोन किलो कधीच भरले नाहीत. दीडच्या आसपास घुटमळले. नऊ दिवस पडदा नारिंगीच राहिला. दहाव्या दिवशी सकाळी वहिनी कामाला गेली. ती सार्वजनिक वाचनालयात होती आणि त्या दिवशी वर्षाची पुस्तकमोजणी होती. अकरा वाजता बाबांना श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली, इस्पितळ आलं, पण दुपार काही बाबांना दिसली नाही.

हे आकडे धाकटीला बाबा गेल्यानंतर सहाव्या दिवशी कळले, आईने बाबांचा फोन तिच्या हातात दिला तेव्हा. त्यातले फोटो उतरवून घे, म्हणाली होती. भर दुपारी खिडकीपाशी उभं राहून धाकटीने ते ॲप उघडलं. रोजच्या आकड्याखाली मनाला येईल ते लिहायला एक रिकामी चौकट तिनेच ठेवली होती. तिथली नोंद कुणाला जात नसे. ज्याची नोंद त्याचीच राहावी असा तिचाच आग्रह होता. बाबांनी त्या चौकटीत रोज उत्तर लिहिलं होतं. पहिल्या दिवशी, 'बरं पासंग.' तिसऱ्या दिवशी, 'मीठ बंद केलं. बरं.' सहाव्या दिवशी, 'जिना चढताना दम लागला. बरं, उद्या.' नवव्या दिवशी, 'तीन उशा घेऊन बसून झोपलो. पण तू म्हणतेस तर उद्या बघू.'

तिने फोन बंद केला आणि फोटो उतरवले म्हणून आईला सांगितलं. त्यापुढचे पंधरा दिवस तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

आणि हे नुसतं ॲपपुरतं नव्हतं. वजन वाढत होतं त्या नऊ दिवसांतल्या सातव्या दिवशी वहिनीने तिला फोन केला होता. एका मोठ्या इस्पितळाची माणसं ॲप बघायला आली होती आणि धाकटी त्यांच्यापुढे उभी राहून बोलत होती. ती दाराबाहेर आली. वहिनी म्हणाली, बाबांच्या पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतोय, मी डॉक्टरकडे चला म्हणतेय आणि ते मला फोन दाखवतात, तू सांगितलंस तर ऐकतील. धाकटी घाईत होती. ती म्हणाली, "वहिनी, अहो त्यासाठीच तर ते बनवलंय. खरंच गरज असेल तेव्हा लाल होईल. लाल झालं तर न्या." अठ्ठेचाळीस सेकंद. तिने नंतर फोनच्या यादीत बघितलं होतं.

तीन आठवड्यांत वहिनीने त्या फोनचा कुणापाशी उच्चार केला नव्हता.

रविवारी तीन वाजता सगळे बाहेरच्या खोलीत बसले. आई खुर्चीवर, ताई तिच्या पायाशी बसून तिचा हात हातात घेतलेली, थोरला खिडकीला पाठ लावून. वहिनी दारापाशी उभी होती. स्वतःच्या घरात माणसाला बसायला कुणी सांगायची गरज नसते. तरीही तो दारापाशी उभाच राहतो तेव्हा आपली जागा त्याने समजून घेतलेली असते. धाकटीने स्टूल ओढलं आणि मधोमध बसली, कुणाच्याच बाजूला नाही.

ताईने सुरुवात मवाळच केली. आईचं वय झालं, तिलाही रक्तदाब आहे, तिच्याकडे लक्ष द्यायला कुणीतरी घरात हवं. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, यजमानांचीही हरकत नाही. थोरला म्हणाला, आईला इथे काय कमी आहे? पण त्याचा आवाज असा होता की जणू उत्तर येऊ नये म्हणूनच विचारतोय.

"काय कमी आहे ते बाबांना विचारायला हवं होतं," ताई म्हणाली. मग तिचा बांध फुटला. पण ओरडली नाही. एकेक शब्द निवडून ठेवत गेली. नऊ दिवस माणसाचे पाय सुजत होते. एका छपराखाली राहणाऱ्या बाईला ते दिसलं नाही? आणि शेवटच्या दिवशी, "सासरा धापा टाकत होता आणि ही पुस्तकं मोजायला गेली."

थोरल्याने मान खाली घातली. एका शब्दाने तो बायकोच्या बाजूने उभा राहिला असता तर त्या दुपारचं पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण त्याचंही ते घर होतं. नऊ दिवस तोही तिथेच होता, आईही तिथेच होती. दोष एका अंगावर घातला की बाकीची अंगं मोकळी होतात, आणि ती सुटका सोडवत नाही.

वहिनीने धाकटीकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, रागही नव्हता. वाचनालयात पुस्तक परत आणायला विसरलेल्या माणसाकडे ती बहुधा असंच बघत असावी.

"ताई, थांब," धाकटी म्हणाली. "वहिनींचा दोष नाही. माझा आहे."

आणि तिने सांगितलं. लाल पडदा कसा काढला, तीन दिवसांचा हिशेब कसा आणला, बाबांचं वजन त्या हिशेबाच्या खालून कसं गेलं. ती तीन वाक्यं तिने म्हणून दाखवली. बाबांनी खाली काय लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की आईला पुढे वाकावं लागलं.

धाकटीला वाटलं, आता आभाळ कोसळेल. ती त्याचीच वाट बघत होती. कोसळलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ताई उठली, तिच्याजवळ आली आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. "वेडी आहेस का?" ती म्हणाली. "पंधरा दिवस हे मनात घेऊन बसलीस? अगं, तू तर त्यांच्या भल्यासाठी केलंस. यंत्र ते. यंत्र चुकतं. तू काय मुद्दाम केलंस?"

आई डोळे पुसत म्हणाली, की बाबांना त्या ॲपचं किती कौतुक होतं, येईल त्याला दाखवायचे, माझ्या लेकीने केलंय म्हणून सांगायचे. थोरल्याने उठून पाण्याचा ग्लास धाकटीच्या हातात दिला. पाहता पाहता तिघं तिच्याभोवती गोळा झाले. रक्ताने रक्ताला किती पटकन माफ केलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग ताई वळून म्हणाली, "पण यंत्राला डोळे नसतात. माणसाला असतात ना? फोन काहीही सांगो, सुजलेले पाय तर समोर होते." आणि ती पुन्हा दाराकडे बघू लागली.

म्हणजे धाकटीने कबूल केलेलं सगळं तिच्या स्वतःच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळलं आणि वहिनी जिथे उभी होती तिथेच राहिली. धाकटीच्या हातात ग्लास होता. एकच वाक्य सांगायचं उरलं होतं, आणि ते न सांगता तिने पाण्याचा घोट घेतला. तीन माणसांची ऊब अंगाला लागली होती. इतके दिवस ती थंडीत होती.

वहिनी म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली.

धाकटी तिच्या मागोमाग गेली. वहिनीने गॅस पेटवला नव्हता. ओट्याला हात टेकून ती रिकाम्या पातेल्याकडे बघत होती.

"फोनचं राहिलं," ती मागे न वळता म्हणाली.

धाकटीने हो म्हटलं.

"मी नाही सांगणार. माझ्या तोंडून गेलं तर म्हणतील, अंगावरचं ढकलतेय." मग ती म्हणाली, "तुझा फोन ठेवल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले होते. म्हटलं, पासंगशी बोलले. काय म्हणाली विचारलं त्यांनी. मी खोटं बोलू शकले असते. ती म्हणाली लगेच चला, असं सांगितलं असतं तर ते उठून चपला घालून निघाले असते. पण मी खरं तेच सांगितलं. ते मला रोज आठवतं. तुझं तू बघ."

धाकटी बाहेर आली. या वेळी ती बसली नाही. तिने सगळं एका दमात सांगितलं. वहिनीला सूज दिसली होती. खळगा दिसला होता. तिने बाबांना चला म्हटलं होतं, आणि ते ऐकेनात म्हणून तिने मला फोन केला होता, सातव्या दिवशी, दोन दिवस हातात असताना. मी तिला म्हणाले, लाल झालं तर न्या.

या वेळी कुणी जवळ आलं नाही. ताईचा हात आईच्या खांद्यावर होता तो तसाच राहिला. थोरला पहिल्यांदा बायकोकडे बघायला वळला, पण ती आत होती आणि त्याला फक्त दार दिसलं.

आईने विचारलं, "हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आम्ही तिच्याशी कसं वागतोय हे दिसत होतं?"

धाकटीने मान हलवली.

"बाबांचं जाऊ दे," आई म्हणाली. "ते चुकून झालं. हे तीन आठवडे तू चुकून नाही केलंस."

आई खुर्चीचे हात धरून उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि सुनेला म्हणाली की मी कुठे जात नाही, इथेच तुझ्याजवळ राहते, तुला चालणार असेल तर. आईसारख्या बाईला 'चालणार असेल तर' म्हणणं किती जड गेलं असेल ते धाकटीला ऐकू आलं.

वहिनी बाहेर आली. हात कोरडे होते तरी ती पदराला पुसत होती.

"आई, बारा वर्षं मी तुमच्या गोळ्या काढून देतेय," ती म्हणाली. "या तीन आठवड्यांत माझ्या हातातून गोळी घेताना तुम्ही दर वेळी पाकीट मागून घेतलंत. नाव वाचलंत, मग गिळलीत. मला वाटलं नजर कमी झाली असेल. पण नजर कमी झालेली माणसं असं वाचत नाहीत." तिचा आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला. "आता मला जमणार नाही. तुमच्यावर राग नाही माझा. पण यापुढे मी तुम्हाला गोळी देताना माझाच हात थरथरेल."

तिने थोरल्याला तर काही म्हटलंच नाही. ते त्याला जास्त लागलं असावं. तो म्हणाला, आपण नंतर बोलू. वहिनी म्हणाली, बोलू की. पण पुढच्या पंधरवड्यात ती दुसऱ्या गावच्या वाचनालयात बदली मागून निघून गेली, आणि थोरला स्टेशनवर पोचवायला गेला तो सामान चढवून, हात हलवून, एकटाच परत आला. लोकांना सांगताना तो बदली म्हणायचा. सहा महिन्यांनी लोकांनी विचारणं सोडलं.

आई ताईकडे गेली. जायचं नव्हतं, पण इलाज नव्हता.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी धाकटीने ऑफिसात सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, आता लपवण्यासारखं उरलंही नव्हतं. तिला वाटलं, काढून टाकतील. कुणी काढलं नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, त्या बदलावर सही माझीही होती. कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी तिला सुट्टी घे म्हटलं. ती तिने घेतली नाही. मूळ वजनाशी तुलना परत आली, लाल पडदा परत आला, आणि 'आजच डॉक्टरांना दाखवा' ही ओळही परत आली.

महिन्याने आकडे आले. सोडून जाणारी माणसं पुन्हा तिघांत एक झाली होती. दोनशे अकरा जणांनी ॲप उघडणं बंद केलं होतं. धाकटी ती यादी घेऊन बसली. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, आणि प्रत्येक क्रमांकापुढे शेवटची तारीख. ते बरे झाले म्हणून थांबले, घाबरले म्हणून थांबले, की आता ते नाहीतच, हे तारखेवरून कळायला मार्ग नव्हता. नारिंगी ठेवलं तर माणूस थांबून राहतो, लाल केलं तर तोंड फिरवतो. मधला कुठला रंग असेल तर तिला सापडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक घरात जाऊन बसणारा माणूस हवा. मॅडम म्हणाल्या, तो कुठून आणायचा? दोघांचंही बरोबर होतं. बैठक तिथेच संपली.

ताईच्या घरी आईने काटाही नको म्हटलं आणि रक्तदाबाचं यंत्रही. ताईने ते आणून ठेवलं होतं, आईने ते खोक्यासकट वरच्या फळीवर सरकवलं. म्हणून धाकटी रोज सकाळी कामाला जायच्या आधी आईला फोन करू लागली. ताई फोन द्यायची. आई घ्यायची, घेतला नाही असं एकदाही झालं नाही. धाकटी विचारायची, झोप लागली का. हो. चक्कर येते का. नाही. पायाला सूज आहे का. नाही. डॉक्टरकडे गेल्यासारखं होत होतं सगळं. दोघींनाही ते कळत होतं, तरी दुसरं काही सुचत नव्हतं.

वहिनीलाही ती अधूनमधून फोन करायची. वहिनी उचलायची, नीट बोलायची, तिकडच्या वाचनालयाचं छप्पर गळतं, माणसं चांगली आहेत असं सांगायची. धाकटीचं काय चाललंय ते विचारायची नाही.

एके दिवशी सकाळी आईचा आवाज तिला वेगळा वाटला. खोल गेल्यासारखा, किंवा नुसता झोपेतून उठल्यासारखा. धाकटीने विचारलं, बरी आहेस ना? आई म्हणाली, बरी आहे. धाकटीने पुन्हा विचारलं. आई पुन्हा तेच म्हणाली.

"आई, खरं सांगतेस ना?"

पलीकडे काही वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. ताई सकाळची कामं उरकत असणार.

"खरं कळलं तर काय करशील तू?" आईने विचारलं.

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरोखरच विचारत होती आणि उत्तरासाठी थांबली होती. धाकटी एका हातात चपलेचा पट्टा धरून दाराशी वाकलेली होती, तशीच राहिली. आईने थोडी वाट पाहिली, मग फोन ताईकडे दिला.